मार्सालाचा बंडखोर अडव्यात आडवा: क्रिस्पीची गोष्ट आणि एक प्रश्न

जुनी_वही

भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेआधी दोन रविवार तिला एकोणिसाव्या शतकातला युरोप समजावून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिच्या वहीत तीन कप्पे केलेले. पहिला पुराणमतवाद: व्हिएन्ना परिषद, ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख, १८१५ ते १८४८. दुसरा राष्ट्रवाद: मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर, बिस्मार्क, १८७१ला खेळ खल्लास. तिसरा साम्राज्यवाद: बर्लिन परिषद, आफ्रिकेची वाटणी, १८८४पासून पुढे. सगळं तोंडपाठ. वही मिटता मिटता तिने विचारलं, "मामा, दुसऱ्या धड्यातली माणसं तिसऱ्या धड्यात दिसतच नाहीत. मेली का सगळी?"

नाही ना मेली! एक जण तर चांगला दोनदा पंतप्रधान झाला. तिला त्याची गोष्ट सांगितली, तीच जरा नीट करून इथे टाकतोय. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर जाणकारांनी बोलावं.

फ्रान्चेस्को क्रिस्पी. जन्म १८१८, गाव सिसिलीतलं रिबेरा, पेशा वकिलीचा. जानेवारी १८४८मध्ये पालेर्मोत नेपल्सच्या राजाविरुद्ध उठाव झाला. त्या वर्षी युरोपभर जो वणवा पेटला त्याची पहिली ठिणगी ही, पॅरिसच्याही आधीची. क्रिस्पी त्यात होता. उठाव चिरडल्यावर परागंदा: तुरीन, माल्टा, पॅरिस, लंडन. लंडनला तो, एकसंध प्रजासत्ताक इटलीचं स्वप्न बघणाऱ्या मॅझिनीच्या गोटात वावरला. १८५९ला खोट्या पासपोर्टवर, वेश पालटून सिसिलीत शिरला आणि लोकांना बाँब बनवायला शिकवून परत आला. ५ मे १८६०च्या रात्री जेनोआजवळच्या क्वार्तोहून गॅरिबाल्डीचे ते सुप्रसिद्ध 'हजार' स्वयंसेवक सिसिली जिंकायला दोन आगबोटींतून निघाले, त्यात हा होता आणि याची बायको रोझालियाही होती. त्या हजारांत बाई म्हणजे ती एकटीच. ११ तारखेला मार्सालाला उतरले. सिसिली हातात आल्यावर गॅरिबाल्डी लढायचा आणि कागदावरचं राज्य क्रिस्पी चालवायचा. पहिल्या काही दिवसांतच फर्मान निघालं: दळणावरचा कर रद्द. शेतकऱ्यांना वाटलं, आपलं राज्य आलं.

पुढे इटली एक झाली, पण राजाच्या झेंड्याखाली. मॅझिनीने ते कधीच गिळलं नाही. स्वतःच्याच देशात खोट्या नावाने राहून १८७२ला तो पिसामध्ये गेला. क्रिस्पीने मात्र १८६४लाच संसदेत सांगून टाकलं होतं, की राजेशाही आपल्याला जोडते, प्रजासत्ताक आपल्यात फूट पाडेल. गुरू संतापला, पत्रापत्री झाली, संबंध तुटले.

१८८७ला क्रिस्पी पंतप्रधान झाला, दक्षिणेतून आलेला पहिलाच. आता गंमत बघा. याच्या राजवटीत इटलीचा नवा दंडसंहिता कायदा आला. त्याने फाशीची शिक्षा रद्द केली. अंमल सुरू झाला १ जानेवारी १८९०ला. आणि लाल समुद्राच्या काठच्या इटालियन मुलखाला 'एरिट्रिया' असं नाव देऊन ती वसाहत असल्याचं फर्मान निघालं तेही १ जानेवारी १८९०ला. एकच माणूस, एकच दिवस. यातला कोणता क्रिस्पी खरा, असं विचारू नका, मीही बरेच दिवस त्यातच अडकलो होतो.

१८९३च्या अखेरीस तो दुसऱ्यांदा गादीवर आला तेव्हा सिसिली पेटलेली होती. भूमिहीन शेतमजूर, गंधकाच्या खाणीतले कामगार 'फाशी' नावाचे संघ बांधून कर आणि खंड कमी करा म्हणत होते (फाशी म्हणजे इटालियनमध्ये जुडी, मोळी, आपली फाशी नव्हे). मोर्च्यात राजाराणीच्या तसबिरी घेऊन चालत होते बिचारे. या पालेर्मोच्या जुन्या बंडखोराने बेटावर ४०,००० सैन्य उतरवलं, लष्करी कायदा पुकारला आणि नागरिकांचे खटले लष्करी न्यायालयांत चालवले. त्यांच्या एका पुढाऱ्याला, दे फेलिचेला, १८ वर्षांची शिक्षा झाली. तो निवडून आलेला खासदार होता!

मग आफ्रिका. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक इटलीशी झालेला तह मानत नाही म्हणून युद्ध. सेनापती ओरेस्ते बारातिएरी, आणि हाही १८६०च्या हजारांपैकीच! म्हणजे एकाच मोहिमेतले दोन साथी, एक रोममध्ये खुर्चीवर, एक एरिट्रियाच्या डोंगरात. फेब्रुवारी १८९६मध्ये बारातिएरी पुढे सरकेना. रसद संपत आलेली, समोर लाखभर फौज. २५ तारखेला क्रिस्पीची तार गेली: हे युद्ध नव्हे, हा लष्करी क्षयरोग आहे. टोमणा बसला. १ मार्चला इथिओपियातल्या अडव्याला १७-१८ हजारांचं सैन्य अंधारात तीन तुकड्यांत निघालं. हाती दिलेला नकाशा हाताने काढलेला होता. त्यात किदाने मेरेत नावाची टेकडी दाखवली होती एका जागी आणि त्या नावाची खरी टेकडी होती पुढे काही मैलांवर. जनरल आल्बेर्तोनेने वाटाड्यांना नाव विचारलं आणि तो खऱ्या टेकडीकडे गेला. एकटा पडला, पकडला गेला. दाबोर्मिदा आणि आरिमोंदी हे दोन जनरल मेले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इटलीच्या बाजूचे सुमारे ६,००० ठार. त्यात एरिट्रियातले भरतीचे काळे शिपाई, ज्यांना आस्कारी म्हणत, तेही मोठ्या संख्येने. हाती लागलेल्या शेकडो आस्कारींचा उजवा हात आणि डावा पाय तोडला गेला, कारण ते फितूर ठरले.

बातमी आल्यावर मिलान-रोममध्ये लोक रस्त्यावर आले आणि चक्क 'मेनेलिक झिंदाबाद' म्हणाले. पाव्हियात सैनिकांच्या गाड्या जाऊ नयेत म्हणून रूळ उखडले. दहा दिवसांत क्रिस्पी पायउतार.

तर प्रश्न असा. क्रिस्पी बदलला, का राष्ट्रवाद बदलला, का मुळात काहीच बदललं नाही? माझं मत: माणूस सत्तेत गेला आणि बिघडला. पण खात्री नाही.

खमंग_काकडी

शीर्षकालाच एक प्लेट भजी तुमच्याकडून लागू. वाखूसा (वाचनखूण साठवली).

उंबरठा_९

लेख आवडला, पण क्रिस्पी हा उदाहरण म्हणून लहान मासा आहे. खरी उलथापालथ केली ती बिस्मार्कने. १८४८ला जर्मन राष्ट्र मागत होते ते प्राध्यापक, वकील, विद्यार्थी. फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये बसून त्यांनी वर्षभर घटना लिहिली आणि प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला. त्याने नाकारला. गटारातला मुकुट त्याला नको होता. तेव्हा राष्ट्र हा शब्द म्हणजे राजांच्या विरुद्ध उपसलेली तलवार होती. चौदा वर्षांनी त्याच प्रशियात एक कट्टर जमीनदार, राजनिष्ठ पुराणमतवादी मुख्यमंत्री होतो आणि तीच तलवार राजाच्या कमरेला बांधतो. १८६६ला ऑस्ट्रियाला केनिगग्रेट्झला लोळवतो, आणि पुढच्याच वर्षी उत्तर जर्मन संघात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत देतो! उदारमतवादी बघत बसले. सामान्य शेतकरी राजालाच मत देईल हे त्याला माहीत होतं.

म्हणजे राष्ट्रवादी बिघडले नाहीत, पुराणमतवाद्यांनी राष्ट्रवाद पळवला. क्रिस्पी पळवलेल्या गाडीत मागे बसलेला एक प्रवासी. १८८७च्या ऑक्टोबरमध्ये तो बिस्मार्कला भेटायला फ्रीड्रिक्सरूला गेला होता, तेव्हापासून तर त्याने बिस्मार्कची नक्कलच सुरू केली.

जुनी_वही

उंबरठा, बिस्मार्कबद्दल सहमत, पण तुमच्या उदाहरणातच भोक आहे. जो पुराणमतवादी तो साम्राज्यवादी, असं म्हणावं तर बिस्मार्क आफ्रिकेबद्दल थंडच होता. वसाहती घेतल्या खऱ्या १८८४-८५ला, पण जीव नव्हता त्यात. १८८८ला एक आफ्रिकाप्रेमी त्याच्यासमोर नकाशा पसरून बसला, तेव्हा म्हातारा म्हणाला, तुमचा आफ्रिकेचा नकाशा छान आहे हो, पण माझा आफ्रिकेचा नकाशा युरोपात आहे. इकडे रशिया, इकडे फ्रान्स आणि मध्ये आपण. हा झाला जमीनदार. आणि बाँब शिकवणारा बंडखोर मात्र टेकड्यांसाठी तारा करतोय.

इटलीतसुद्धा तेच. आफ्रिकेतून अंग काढा असं म्हणणारा नेता कोण? मार्कीस दी रुदिनी. सिसिलीचा बडा जमीनदार, उजव्यांचा पुढारी. क्रिस्पी गेल्यावर तोच पंतप्रधान झाला आणि ऑक्टोबर १८९६ला अदिस अबाबाचा तह करून मोकळा झाला. अर्थात त्याला काळ्यांचा कळवळा नव्हता. खर्च परवडत नव्हता, एवढंच. दोन वर्षांनी मिलानमध्ये पावाच्या भावावरून दंगल झाली तेव्हा गर्दीवर तोफा डागल्या गेल्या त्या याच रुदिनीच्या काळात.

मोडी_वाचक

धागाकर्त्याच्या मताशी अजिबात सहमत नाही. "सत्तेत गेला आणि बिघडला" हे आपलं आवडतं स्पष्टीकरण आहे, गल्लीतल्या नगरसेवकापासून लागू पडतं, म्हणून विचार करावा लागत नाही. सत्तेच्या जवळपासही नसलेल्यांचं काय बोलणं होतं ते बघा.

जुलै १८४८. तेच फ्रँकफर्ट, तेच सेंट पॉल चर्च. प्रश्न निघाला प्रशियाच्या ताब्यातल्या पोझनच्या पोलिश लोकांचा. काही महिन्यांपूर्वी पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या त्या सभागृहात विल्हेल्म योर्डान हा डावीकडचा सदस्य उठला आणि त्याने 'निरोगी राष्ट्रीय स्वार्थ' हवा असं ठणकावून सांगितलं. मुलूख जर्मनांनी घामाने मिळवलाय, तो का सोडायचा? मतदान झालं, प्रचंड बहुमत त्याच्या बाजूने. बिस्मार्क तेव्हा कुठे होता? कुठेच नाही.

त्याच वर्षी हंगेरी. तिथला पुढारी कोशुथ व्हिएन्नाकडे मग्यारांसाठी, म्हणजे हंगेरियन भाषिकांसाठी, स्वातंत्र्य मागतोय. क्रोएट, सर्ब, स्लोव्हाक म्हणाले, मग आमचंही? तर उत्तर: हंगेरीत एकच राजकीय राष्ट्र आहे. सप्टेंबरात क्रोएशियाचा येलाचिच सम्राटाच्या बाजूने फौज घेऊन द्रावा नदी ओलांडून आला. पिचलेल्यांनी पिचलेल्यांविरुद्ध बादशहाला मदत केली.

आता आपला मॅझिनी. 'आपला' मुद्दाम म्हणतो. १९०७ला सावरकरांचं मॅझिनीवरचं मराठी पुस्तक आलं, अभिनव भारत हे नावच 'यंग इटली'वरून घेतलेलं. आपल्या मनातला मॅझिनी म्हणजे १८३१ला मार्सेयला बसून तरुणांना शपथ देणारा, काळे कपडे घालणारा संत. आणि तो तसा होताही. पण त्याच संताच्या युरोपच्या नकाशात आयर्लंडला वेगळ्या राष्ट्राची जागा नव्हती. आयरिश लोकांचं जगाला सांगण्यासारखं वेगळं कार्य काही नाही, असं त्याचं म्हणणं. आणि १८७१मध्ये, मरणाच्या वर्षभर आधी, त्याने लिहिलं की ट्युनिस, त्रिपोली हा मुलूख इटलीच्या वाट्याचा आहे, रोमचा झेंडा एकेकाळी तिथे फडकला होता. दहा वर्षांनी फ्रान्सने ट्युनिस घेतलं तेव्हा क्रिस्पी एवढा का भडकला, ते यावरून कळेल. गुरूचीच जागा होती ती!

प्रत्येक राष्ट्राला देवाने एक कार्य नेमून दिलंय असं एकदा मानलं, की ज्याचं कार्य दिसत नाही तो राष्ट्र नाही, आणि ज्याचं मोठं त्याने समुद्रापलीकडे जाणं हे कर्तव्य. क्रिस्पीला अंगरखा बदलावा लागलाच नाही, बाह्या तेवढ्या लांब झाल्या.

जुनी_वही

ट्युनिसचं मला माहीत नव्हतं. दोन तास शोधत बसलो आणि सापडलं. माझं "बिघडला" मागे घेतो, निदान अर्धं. अर्धं ठेवतो कारण सिसिलीचे ४०,००० सैनिक मॅझिनीच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

पिठाची_गिरणी

मी इतिहासातला नाही, पण दळणावरच्या कराचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. आयडीवरून ओळखलंच असेल, आजोबांची गावात गिरणी होती.

क्रिस्पी-गॅरिबाल्डीने १८६०ला रद्द केलेला तो कर इटलीच्या सरकारने १ जानेवारी १८६९पासून अख्ख्या देशाला लावला. युद्धांचं कर्ज फेडायचं होतं. गव्हाच्या क्विंटलला दोन लिरा, मका वगैरेला कमी. पण वसूल कसा करायचा? घरोघरी जाऊन पीठ कोण मोजणार? म्हणून जात्याच्या दगडाच्या आसाला एक यंत्र बसवलं. दगड किती फेरे फिरला ते मोजणारा काटा. इतके फेरे म्हणजे इतकं पीठ, इतका कर, आणि तो गिरणीवाल्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा.

ज्याने गिरणी चालवलीय त्याला यातली मेख लगेच कळेल. दगड नवा टाकलेला असेल तर कमी फेऱ्यांत दळतो, झिजला की तेवढ्याच धान्याला जास्त फेरे. दाणा ओला, तरी जास्त फेरे. बारीक दळा म्हणालं की अजून. काटा पीठ मोजतच नाही, तो दगडाचे कष्ट मोजतो. मग गिरणीवाला स्वतःचं नुकसान होऊ नये म्हणून वरचा दर लावणार, आणि शिव्या सरकारला पडणार का त्याला? त्याला. आजोबा टाकी लावायला, म्हणजे दगडाला टाचे मारायला, बसले की बाहेर बायका डबे घेऊन खोळंबायच्या आणि बोलायच्या, ते लहानपणी ऐकलंय. इथे तर वर कर!

पहिल्याच महिन्यात उत्तर इटलीत दंगे झाले, अडीचशेच्या आसपास माणसं मेली. कर पूर्ण जायला १८८४ उजाडलं. 'राष्ट्र' ही चीज त्या शेतकऱ्याला पहिल्यांदा दिसली ती जात्याला लावलेल्या काट्याच्या रूपात, असं मला वाटतं.

खमंग_काकडी

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. गंभीरपणे म्हणतोय.

सप्तपदी_अर्धी

मेटर्निखची बाजू घेणारं कोणी दिसत नाही, मी घेते. बारा भाषा बोलणाऱ्या साम्राज्याचा तो मंत्री. राष्ट्राची कल्पना मोकळी सोडली तर गावागावात भाऊबंदकी होईल हे त्याला दिसत होतं, आणि मोडी_वाचकांनी सांगितलेलं १८४८चं हंगेरी हा त्याचा पुरावाच नाही का? १८४७ला तो म्हणाला की इटली ही नुसती भौगोलिक संज्ञा आहे. आपण त्याला हसतो. पण १८६१ला इटली झाली तेव्हा शंभरातले अडीच लोक इटालियन बोलत होते असा भाषातज्ज्ञ दे माउरोचा अंदाज आहे, आणि मतदानाचा हक्क शंभरातल्या जेमतेम दोघांना. वस्तुस्थिती सांगणारा माणूस खलनायक आणि आफ्रिकेत पोरं मारणारा राष्ट्रपुरुष! आणि मेटर्निखच्या ऑस्ट्रियाकडे समुद्रापलीकडे एकही वसाहत नव्हती.

मोडी_वाचक

समुद्रापलीकडे नव्हती, आल्प्सपलीकडे होती ना. मिलान आणि व्हेनिस. ताई, मेटर्निखला दूरदृष्टी होती हे मान्य. पण १८१९चे कार्ल्सबादचे हुकूम आठवा. वीस फर्म्यांच्या आतलं, म्हणजे साधारण ३२० पानांच्या आतलं काहीही छापायचं तर आधी सरकारी परवानगी. जाडजूड ग्रंथ लिहा, कोणी वाचत नाही. पत्रक नको, वर्तमानपत्र नको. म्हणून लोक मोठ्या टायपात, ऐसपैस समास सोडून पुस्तकं फुगवायचे. आणि सिल्व्हिओ पेल्लिको हा इटालियन कवी दहा वर्षं कैदेत होता, त्यातली बरीचशी ब्रनोच्या स्पीलबर्ग किल्ल्यात. वस्तुस्थिती सांगणाऱ्याला एवढी भीती कशाची?

सप्तपदी_अर्धी

भीती होती, आणि ती खरी ठरली. बाकी मुद्दा मान्य.

झणझणीत_मिसळ

वाचताना आजच्या काळाशी साम्य जाणवलं. नावं घेत नाही. समझनेवाले को इशारा.

पंच_कमिटी

इशारे दुसऱ्या धाग्यावर. एकोणिसाव्या शतकातच राहू या. यापुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

गोदी_कामगार

या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे, तो कोणी उचलला नाही म्हणून लिहितो. १८६०ला गॅरिबाल्डीला मार्सालाला घेऊन गेलेल्या 'पिएमोन्ते' आणि 'लोम्बार्दो' या दोन आगबोटी जेनोआच्या रुबात्तिनो कंपनीच्या. पळवल्याचं नाटक केलं होतं, कंपनीला आतून माहीत होतं. हीच रुबात्तिनो कंपनी १८६९ला, सुएझ कालवा सुरू होतो त्याच महिन्यात, लाल समुद्राच्या तोंडाशी असबचा उपसागर तिथल्या सुलतानांकडून विकत घेते. सौदा करणारा होता एक माजी मिशनरी. कशासाठी? कोळसा भरायला थांबा हवा होता, बोटी जायच्या होत्या जेनोआहून मुंबईला! ती मुंबई लाइन पुढे चाललीही. १८८२ला सरकारने असब कंपनीकडून घेतलं आणि तो इटलीचा आफ्रिकेतला पहिला तुकडा. क्रांती आणि वसाहत, दोन्हींचा वाहतूक कंत्राटदार एकच, असं म्हणा हवं तर.

आणखी एक. इथिओपियाचे डोंगर चढून जाता येतं आणि राजाला हरवता येतं, हे इटालियनांच्या डोक्यात कुठून आलं? बरंचसं इंग्रजांच्या १८६७-६८च्या मोहिमेवरून. ती निघाली मुंबईहून. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबई फौजेचा सरसेनापती. सुमारे १३,००० सैनिक, त्यात आपल्याकडच्या पलटणी, आणि तोफा वाहायला ४४ हत्ती. हत्ती बोटीत चढवण्याचा तो देखावा इंदिरा डॉकवर काम करणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर आणता येतो, क्रेन नसताना! १३ एप्रिल १८६८ला मग्दलाचा किल्ला पडला, सम्राट तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. पण फरक असा की इंग्रज आले, कैदी सोडवले, लूट घेतली आणि परत गेले. वाटेतल्या सरदारांना त्यांनी आधीच पटवलं होतं. इटालियन राहायला आले होते.

नेपियरने खर्चासाठी बरोबर नेलेलं नाणं कोणतं माहितीये? रुपये नव्हेत. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे चांदीचे थालर. ती १७८०ला वारली, पण तिच्या मुखवट्याचं, १७८० सालच छापलेलं नाणं तिथले लोक शंभर वर्षांनंतरही मागायचे आणि व्हिएन्नाची टांकसाळ पाडून द्यायची. इटलीने एरिट्रियासाठी आपल्या राजाच्या, उंबेर्तोच्या तोंडाचं नाणं काढून बघितलं. कोणी हात लावेना. सप्तपदीताई, तुमच्या मेटर्निखच्या मालकांच्या घराण्याची पत बघा.

सप्तपदी_अर्धी

बघा! (आज दिवस चांगला आहे.)

वाळवणाचे_दिवस

सगळे इटलीच्या बाजूने आतून बघताहेत. मेनेलिक म्हणजे नुसता निमित्त नव्हे. ज्या तहावरून युद्ध झालं त्या १८८९च्या वुचाले तहाच्या १७व्या कलमात सगळी भानगड आहे. तह दोन भाषांत. अम्हारिक मजकुराचा अर्थ साधारण असा, की परराष्ट्रांशी व्यवहार करताना इथिओपियाच्या राजाला इटलीची मदत 'घेता येईल'. इटालियनमध्ये मात्र राजाने ती मदत घेण्याचं 'मान्य केलं आहे'. येईल आणि आहे. एवढ्या क्रियापदावर इटलीने युरोपभर जाहीर केलं की इथिओपिया आता आमच्या संरक्षणाखाली. मेनेलिकला कळलं ते त्याने दुसऱ्या राज्यकर्त्यांना लिहिलेल्या पत्रांची उत्तरं आली तेव्हा: इटलीमार्फत या! सम्राज्ञी तैतू तर या कलमावर एक पाऊल मागे यायला तयार नव्हती. अडव्याच्या आधी मेकेलेच्या गढीला वेढा पडला तेव्हा इटालियनांचं पाणी तोडण्याची योजना तिचीच.

पण मेनेलिकला साधू करू नका. इटलीनेच त्याला आधी बंदुका आणि ४० लाख लिरांचं कर्ज दिलं होतं (कर्ज फेडूनच त्याने तह मोडला, हा शहाणपणा). त्याच वर्षांत तो दक्षिणेला ओरोमो मुलूख, १८९४ला वोलायता, असं एकेक गिळत होता. १८९१ला त्याने युरोपच्या राजांना कळवलं होतं की दूरचे देश आफ्रिका वाटून घ्यायला आले तर मी नुसता बघत बसणार नाही. पूर्ण वाक्य नीट वाचलं तर ते स्वातंत्र्याचं आहे आणि वाट्याचंही.

जुनी_वही

वाळवण, हे कलम भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं भांडण." सोसायटीच्या नियमात 'लावता येईल' आहे.

उंबरठा_९

मी अजून माझ्या मतावर आहे, पण मोडी_वाचकांच्या योर्डानमुळे हलायला झालंय खरं. एक विचारतो: "इटली घडवली, आता इटालियन घडवायचेत" हे एकीकरणाच्या काळातल्या इटालियन राजकारणी दाझेलियोचं वाक्य इथे कोणीच कसं आणलं नाही?

तुरीनची_ट्राम

कारण ते त्याने तसं लिहिलेलंच नाही. मी इथे अकरा वर्षं राहतो, हे वाक्य मुलाच्या शाळेच्या भिंतीवरही आहे. दाझेलियोच्या आठवणींत त्या अर्थाचं काहीसं आहे, जास्त उदास आणि कमी घोटीव. घोटून सुभाषित केलं ते फेर्दिनांदो मार्तिनी या राजकारण्याने, आणि कधी? १८९६ला, म्हणजे अडव्याच्या पराभवाच्या वर्षी! पुढच्याच वर्षी तो एरिट्रियाचा गव्हर्नर म्हणून गेला. सगळे रस्ते त्याच टेकडीकडे जातात.

क्रिस्पीच्या नावाचे रस्ते आजही बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. रोझालियाबद्दल मात्र कोणाला विचारलं तर खांदे उडवतात. लेखात तिचा एका ओळीत उल्लेख आहे म्हणून सांगतो. १८७८ला क्रिस्पी गृहमंत्री असताना वर्तमानपत्रांनी उघड केलं की याने दुसरं लग्न लावलंय आणि पहिली बायको जिवंत आहे. द्विभार्येचा आरोप, राजीनामा. कोर्टातून सुटला तो कसा? माल्टात १८५४ला रोझालियाशी लागलेलं लग्न कायदेशीरच नव्हतं, असं ठरलं म्हणून. खोट्या पासपोर्टच्या दिवसांत जी बरोबर होती, बोटीत होती, जखमींना पाजायला पाणी घेऊन पळत होती, तिचं लग्नच झालं नव्हतं म्हणे. नऊ वर्षांनी हा पंतप्रधान. ती रोममध्येच राहत होती, १९०४पर्यंत.

सप्तपदी_अर्धी

आयडीला न्याय देणारी गोष्ट. वाईट वाटलं.

तुरीनची_ट्राम

जाता जाता. रोमला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या इतिहासावर पाय ठेवलेला असतो. तेर्मिनी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर मोठा चौक, जिथे सगळ्या बस लागतात. त्याचं नाव पियात्सा देई चिंक्वेचेंतो, पाचशेंचा चौक. जानेवारी १८८७ला एरिट्रियातल्या दोगालीला इथिओपियाचा सरदार रास अलुला याने पाचशेच्या आसपास इटालियन शिपायांची तुकडी जवळजवळ सगळी कापून काढली, त्यांच्या नावाने. त्या धक्क्यातूनच वर्षभरात क्रिस्पी पंतप्रधान झाला. स्मारक चौकाजवळच आहे, आणि ते स्मारक म्हणजे इजिप्तहून आणलेला रामसेसचा दगडी खांब. आफ्रिकेत मेलेल्यांसाठी आफ्रिकेतूनच आणलेला.

खमंग_काकडी

अरे देवा. २०१६ला तिथे पाऊण तास बसची वाट बघत होतो. पाटी वाचून बायकोला म्हटलं, काय प्रेम आहे यांचं, फियाटच्या गाडीचं नाव चौकाला दिलंय.